कपात : कोणत्या हुकुमाने, कोणत्या कारणाने?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोठमोठ्या विषयांची चर्चा ऐकण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. मी मांडणार आहे त्या विषयाची किंमत महिना दीड हजार रुपये आहे. लोणावळ्यास शनिवार-रविवारी येणारा पाहुणा कुटुंबाच्या एका जेवणावर एवढे सहज खर्च करून जातो. पण नाणे मावळात, पवन मावळात, अंदर मावळात अशी घरे आहेत, की ज्यांत महिन्याचे मीठमिरची, चहासाखर आणि रक्तदाबाची गोळी ह्या दीड हजारांवर चालते. लोणावळ्यातही आहेत, ज्यांच्या आयुष्याची कमाई दुसऱ्यांचे बंगले राखण्यात किंवा चिक्कीच्या भट्टीपुढे गेली, त्यांची म्हातारपणची घरे तीच. अशा घरात एके महिन्यास दीड हजारांचे पाचशे झाले किंवा काहीच आले नाही, तर काय करावयाचे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मी कामगार चळवळीतला माणूस. कायदा मला कोणत्या कॉलेजात शिकावयास मिळाला नाही. मालकांच्या नोटिसा वाचता वाचता आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून जो शिकलो तो शिकलो. त्या शिदोरीतून एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. कपात ही मावळच्या पावसासारखी आभाळातून पडत नाही. ती कोणीतरी केलेली असते. म्हणून तिला तारीख असते, कारण असते आणि कोणाची तरी सही असते. ह्या तीन गोष्टी हाती आल्यावाचून रडण्यात अर्थ नाही, आणि भांडण्यातही अर्थ नाही.

हा पैसा कोणता?

प्रथम हिशेब नीट समजून घेऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराने खिळलेली माणसे अशांसाठी ती आहे. वयाची पासष्टी गाठल्यावर श्रावणबाळ योजना लागू होते. ह्या दोन्ही योजनांची रक्कम २०२३ साली महिना दीड हजार झाली, आणि दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ती अडीच हजार करण्यात आली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारचाही एक कार्यक्रम आहे. त्यातून दारिद्र्यरेषेखालील वृद्धास साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये केंद्राचा वाटा मिळतो. उरलेली भर राज्य घालते. म्हणजे एकाच म्हातारीच्या दीड हजारांत दोन तिजोऱ्यांचे पैसे असू शकतात. म्हणून खात्यात रक्कम तुटक आली, तर ती कपात आहे की एक वाटा वाटेत अडकला आहे, हे आधी पाहावे लागते.

तिसरी योजना सर्वांच्या तोंडी आहे ती मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने ती आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आणि महिना दीड हजार, अशी तिची आखणी झाली. ह्या योजनेतील कपातीकडे पुढे येऊच.

मेहेरबानी की हक्क?

कपात झाल्यावर माणूस कचेरीत का जात नाही? अंतर आणि बुडणारी मजुरी ही कारणे आहेतच. परंतु त्यापेक्षा मोठे कारण मनात असते. "सरकारने दिले, सरकारने नेले, फुकटाच्या पैशाला कसले भांडण?" असे त्याला वाटते. हा प्रश्न आपल्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी गाजलेला आहे.

मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धानंतरची काही वर्षे कामगारांना बोनस मिळत असे. १९२३ चा बोनस देणार नाही असे मालकांनी जाहीर केले, आणि १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. चौकशीसाठी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने सांगितले, की बोनसवर कामगारांचा कायद्याने, रिवाजाने किंवा न्यायबुद्धीने कसलाही हक्क सिद्ध होत नाही. थोडक्यात, ती मेहेरबानी होती. संप हरला. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात लावली. पुन्हा दीड लाखांवर कामगार बाहेर पडले, आणि ह्या खेपेस कपात मागे घेतली गेली. अर्थात त्यासाठी सरकारला कापडावरील अबकारी कर तहकूब करावा लागला. ज्या बोनसला १९२४ मध्ये मेहेरबानी म्हटले, त्याच बोनसचा १९६५ साली संसदेने कायदा केला. मेहेरबानीचा हक्क व्हावयास एक्केचाळीस वर्षे लागली. पण झाला.

निवृत्तिवेतनाचीही तीच वाट आहे. ते सरकारच्या लहरीवर अवलंबून असलेले दान नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सांगितले, आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात ते अधिक विस्ताराने मांडले. हे दोन्ही निकाल सरकारी नोकरांचे होते हे खरे. परंतु २८ नोव्हेंबर २००१ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आठ योजनांविषयी हुकूम दिला, त्यांत निराधार वृद्धांचे निवृत्तिवेतनही होते. ते दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पोचले पाहिजे, असे त्यात सांगितले होते. भिकेला तारीख नसते. तारीख लागते ती देण्याला. ज्या दिवशी न्यायालयाने तारीख घातली, त्या दिवशी त्या पैशाची जात बदलली.

कपातीचे चार प्रकार

आता कपातीकडे वळू. माझ्या पाहण्यात तिचे चार प्रकार येतात, आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. पोटदुखीवर डोकेदुखीची गोळी घेतली तर पैसे जातात आणि दुखणे राहते.

पहिला प्रकार : नियमच तसा आहे. लाडकी बहीण योजनेत दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा अधिक घेणारी स्त्री बसत नाही, आणि कमी घेणारीस फक्त फरक मिळतो. शेतकऱ्यास केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार, म्हणजे महिन्यास सरासरी एक हजार मिळतात. म्हणून ते पैसे घेणाऱ्या बहिणीस उरले पाचशे. अशा ७ लाख ७४ हजार १४८ स्त्रिया असल्याचे महिला व बालविकास मंत्र्यांनी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले. येथे तहसील कचेरीतील कारकुनाशी भांडून काही निष्पन्न होणार नाही, कारण त्याच्या हाती काही नाही. शेतकरी म्हणून मिळणारे पैसे बियाण्या-खताचे आहेत आणि बहीण म्हणून मिळणारे घरचे आहेत, मग एकाची दुसऱ्यात वजावट का, हा वाद जरूर घालता येईल. पण तो विधानसभेत, सभेत आणि निवडणुकीत घालण्याचा वाद आहे.

दुसरा प्रकार : नियम ठीक आहे, पण तो तुम्हांला चुकीने लावला. वरचेच उदाहरण घ्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर आहे, सन्मान निधी त्याच्या खात्यात येतो, आणि तरीही बायकोला पाचशेच आले, तर लाभ कोणाच्या नावाने नोंदला आहे हे विचारावयासच पाहिजे. जन्मसाल चुकीचे पडल्याने कोणी पासष्टीच्या पलीकडे ढकलली जाते. नावात "बाई" लागते की नाही एवढ्यावरून दोन कागद जुळत नाहीत. जिवंत माणूस यादीत मयत दिसतो. येथे अर्ज आणि अपील हेच औषध, आणि बहुतेक वेळा ते लागू पडते.

तिसरा प्रकार : निर्णयच झालेला नाही, गाडे अडले आहे. हयातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेवर पोचला नाही; बोटाचे ठसे झिजल्यामुळे यंत्र ओळखत नाही; किंवा आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेत जोडला गेला त्या खात्यात पैसे गेले, आणि म्हातारी मात्र जुन्याच पासबुकावर नोंद करून घेते आहे. ही शेवटची गोष्ट वाटते त्याहून अधिक वेळा घडते. म्हणून भांडण्यापूर्वी बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारावा : ह्या आधार क्रमांकावर सरकारी पैसे कोणत्या खात्यात जातात? कित्येकदा पैसे बंद पडलेले नसतात. नव्या फोनच्या सिमबरोबर उघडलेल्या खात्यात ते गुपचूप साचत असतात.

चौथा प्रकार सर्वांत लबाड, कारण त्यात रकमेला कोणी हातच लावत नाही. केंद्राचा वृद्धांसाठीचा वाटा १९९५ मध्ये ७५ रुपये होता, २००६ मध्ये २०० झाला, आणि साठ ते एकोणऐंशी वयासाठी तो तेथेच थांबला. त्यानंतर महागाई तिपटीहून अधिक वाढली. म्हणजे त्या दोनशेंची खरेदी साठ-पासष्ट रुपयांवर आली. कारखान्यातील माणसास हे लगेच कळते, कारण त्याने महागाई भत्ता झगडून मिळविला आहे. निर्देशांक चढला की भत्ता चढतो. निराधाराच्या अनुदानास निर्देशांक नाही. उत्पन्नाच्या मर्यादेचेही तेच. २०२३ मध्ये रक्कम दीड हजार झाली, तेव्हाही निराधार योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये होती, म्हणजे महिना १,७५० रुपये. इतक्यात सबंध कुटुंब जगते असा खरा दाखला कोण देणार? मर्यादा जागच्या जागी ठेवणे ही न सांगता केलेली कपात आहे. तिच्याविरुद्ध एकट्याचा अर्ज चालत नाही. तेथे संघटनाच लागते.

ऐकून घेतल्यावाचून नाही

मालकाला पगार किंवा भत्ता कमी करावयाचा असेल, तर कामगारांना एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने ९-अ हे कलम घालून ही तरतूद झाली, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम ठेवली आहे. नोटिशीचा उपयोग काय? तिच्यामुळे दुसऱ्या बाजूस बोलावयास वेळ मिळतो. संघटित कामगाराला जे मिळते ते एकट्या विधवेला का मिळू नये?

कायद्याचे जुने तत्त्व असे, की ज्याचे नुकसान होणार त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. १९८१ साली मुंबईतील पदपथावरील झोपड्या उठविण्याचा निर्णय झाला, तेव्हा ओल्गा टेलिस आणि इतर मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की जगण्याच्या हक्कात जगण्याच्या साधनाचा हक्क येतो, आणि सामान्यतः नोटीस व सुनावणी दिल्यावाचून ते साधन हिरावता येत नाही. झोपड्या वाचल्या नाहीत, पण तत्त्व राहिले. अमेरिकेतही २३ मार्च १९७० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या गरिबांच्या खटल्यात असाच निकाल दिला : मदत बंद करावयाची तर सुनावणी आधी, बंदी नंतर. त्यामागचा विचार साधा आहे. ज्याच्याकडे दुसरे काही नाही, त्याला "आज बंद, चौकशी पुढे" असे म्हटले, तर चौकशी होईतो त्याने खावे काय?

जुलै २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेतील सुमारे २६ लाख ३४ हजार खात्यांचे पैसे अपात्रतेच्या संशयावरून थांबविल्याचे सरकारने जाहीर केले. त्यांत खरोखरीचे अपात्र निश्चितच असतील. पण संशयावरून आधी थांबवून मागाहून तपासणे ही रीत सरकारला सोयीची आहे. निर्दोष असलेल्या बाईला ती सोयीची नाही. म्हणून माझा आग्रह क्रमाविषयी आहे. तपासणी आधी, कपात मागाहून.

प्रत्यक्षात काय करावयाचे?

आता कामाची गोष्ट. मावळातल्या माणसास वडगावच्या तहसील कचेरीत जावे लागते. खांडी-सावळ्यासारख्या टोकाच्या गावातून जाणे म्हणजे दिवस मोडणे. तेव्हा एका खेपेत काम व्हावे अशा तयारीनेच निघावे.

पहिले, पासबुकावर नोंद करून घ्यावी आणि कोणत्या महिन्यापासून किती कमी आले हे कागदावर मांडावे. "लई दिवस झाले" ह्या तक्रारीस उत्तर देता येत नाही. "मार्चपासून तीन हप्ते नाहीत" हिला द्यावे लागते.

दुसरे, अर्ज लेखी द्यावा आणि त्यात तीनच गोष्टी मागाव्या : माझे अनुदान कोणत्या तारखेच्या आदेशाने कमी किंवा बंद झाले, कोणत्या नियमाखाली व कारणाने, आणि त्यावर अपील कोणाकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच नसलेला अर्ज आणि न दिलेला अर्ज ह्यांत कचेरी फरक करीत नाही. येथे ताकाला जाऊन भांडे लपवू नये. "साहेब, बघा काही जमलं तर" असे म्हटले, की आपण होऊन हक्काची मेहेरबानी केली.

तिसरे, उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. अर्जास दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसास तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर, न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. ह्याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक वाक्य आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यास निर्णयाची कारणे देणे हे सरकारी कचेरीचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. म्हणजे कारण मागणारा उपकार मागत नसतो.

चौथे, कारण हाती आल्यावर ते नियमाशी ताडून पाहावे. कारण खरे असेल तर कागद पुरा करावा. खोटे असेल तर पुराव्यासह प्रांताकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागावी. जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिनही असतो. तेथेही काही न झाल्यास वकील लागेल, पण खिशात पैसा असलाच पाहिजे असे नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार ह्यांस उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

पाचवे, "जास्त गेलेले पैसे परत करा" अशी नोटीस आल्यास घाबरून दागिना मोडू नये. तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या नोकरांस, त्यांची काही लबाडी नसता, सरकारच्या चुकीने जादा गेलेले पैसे वसूल करता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह खटल्यातील निकाल आहे. तो नोकरांपुरता आहे, पण त्यामागचा न्याय निराधारासही लावून मागता येतो.

एक आक्षेप

सभेत कोणीतरी नेहमी विचारतो, की हा पैसा करदात्यांचा आहे, आणि चारचाकीवाले, नोकरीवाले तो खाऊन जातात. मग चाळणी लावली तर बिघडले कोठे? चाळणी लावावीच. खोट्या लाभार्थ्याने खरोखरीच्याचा घास पळविला आहे, आणि त्याची बाजू घेण्यास मी उभा नाही. पण चाळणीतून खडा गेला की तांदूळ गेला, हे पाहणारा कोणी हवा की नको? कोंडा टाकताना दाणे गेले तर शेतकरीण सूप खाली ठेवून दाणे वेचते. सरकारने तेवढेच करावे. शिवाय खोट्या माणसाजवळ दुसरे साधन असते. तो एका खेपेत कागद आणून देतो. खरा गरजू मात्र चौथ्या हेलपाट्याला "भीक नको पण कुत्रा आवर" म्हणत घरी बसतो. कागदांची अट वाढवीत गेले, की प्रामाणिक आणि अशक्त माणूस आधी गळतो, हा माझा अनुभव आहे.

एकट्याचे आणि सगळ्यांचे

१९३५ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये बेकारांच्या मदतीचे नवे दर लागू झाले, आणि अनेक घरांची मदत कमी झाली. साऊथ वेल्सच्या खाणमुलखात लाखो लोक रस्त्यावर आले. त्यांत बेकार होते तसे नोकरीवालेही होते. दुकानदार होते, चर्चचे धर्मोपदेशकही होते. ज्यांची कपात झाली नव्हती ते आल्यामुळे सरकारला फेब्रुवारीतच माघार घ्यावी लागली आणि मदत पूर्ववत करावी लागली. आपल्या गिरणगावाचा अनुभवही निराळा नाही.

ह्या सभागृहात बसलेल्या बहुतेकांना दीड हजारांची गरज नाही, हे मी जाणतो. पण आपणांस लिहिता-वाचता येते, पोच मागण्याचे धैर्य आहे, आणि तहसीलदारापुढे खुर्ची मिळते. आपल्या घरी भांडी घासणारी बाई, बंगल्याचा म्हातारा राखणदार, आळीतली एकटी विधवा, ह्यांपैकी एकाला ह्या महिन्यात एवढेच विचारा : पैसे वेळेवर आणि पुरे येतात काय? नाही म्हणाली, तर वरचा तीन ओळींचा अर्ज लिहून द्या आणि पोच आणण्यास तिच्याबरोबर जा. संघटना म्हणजे नेहमी लाल झेंडा आणि मोर्चाच असतो असे नाही. दोन माणसे एका खिडकीपुढे उभी राहिली, की तिची सुरुवात होते.